कोळंबी कुणासाठी

सफवत फिक्रीचं नाक निकामी झालं त्याला सव्वीस वर्षं झाली. अलेक्झांड्रियाच्या बंदरावरच्या शीतगृहात तो यंत्रं सांभाळायचा. एका सकाळी अमोनियाची नळी फुटली. हा शहाणा बाकीच्यांना बाहेर काढून व्हॉल्व्ह बंद करायला परत आत गेला, आणि बाहेर आला तो नाक गमावूनच. मालकांनी प्रशस्तिपत्रक दिलं, टाळ्या वाजवल्या. नाक काही परत आलं नाही.

कुणी म्हणेल, वासावाचून असं काय अडतं? दुसऱ्या कुणाचं अडत नसेल. पण सफवतनं पुढे जो उद्योग मांडला तो सगळा वासावर चालणारा. खाऱ्या पाण्यातल्या शोभेच्या माशांसाठी तो घरी खाणं करून गोठवायचा. बहरी नावाच्या वस्तीतल्या त्याच्या दोन खोल्यांच्या घरात एका भिंतीला भली मोठी काचेची टाकी होती आणि दुसऱ्या भिंतीला त्यानं स्वतः दुरुस्त करून बळकट केलेला फ्रीजर. आधी स्वतःच्या माशांपुरतं करत होता, मग शहरातले चार हौशी लोक मागायला लागले. दुकानात मिळणाऱ्या परदेशी डब्यांत निम्मं पाणीच असतं, असं तो सगळ्यांना सांगायचा. त्यात खोटं काही नव्हतं.

त्याची पद्धत ठरलेली. कोळंबी सोलायची, माकूल धुऊन चिरायचे, तिसऱ्यांचं मांस काढायचं, मिळाली तर गाबोळी घ्यायची. खडकांवरून आणलेलं हिरवं शेवाळ आणि दोन पाकळ्या लसूण. धुवायचं ते मिठाच्या गार पाण्यात. गोड्या पाण्यात धुतलं की अर्धा कस नळाखाली जातो. मग सगळं अर्धवट गोठवायचं आणि हाताच्या यंत्रातून खिमा काढायचा. मिक्सरला तो हात लावायचा नाही. मिक्सरनं लापशी होते, म्हणायचा, आणि लापशी माशाच्या तोंडात न जाता पाण्यात जाते, पाणी नासतं. खिमा पिशवीत बोटभर जाडीचा थापायचा, सुरीच्या पाठीनं रेघा मारायच्या आणि फ्रीजरच्या सगळ्यात गार कप्प्यात आडवा ठेवायचा. दुसऱ्या दिवशी कडाकड वड्या मोडता यायच्या.

एवढं सगळं हातानं आणि डोळ्यानं जमायचं. कोळंबी ताजी आहे की कालची, हे मात्र नाकच सांगणार. ते काम त्याची बायको कारीमान करायची. सफवत बाजारातून आला की ती ओट्यापाशी उभी राहून एकेक कोळंबी नाकाशी धरायची. "ही घे. ही घे. ही नको." जी नको म्हणाली ती गल्लीतल्या मांजरांना. सफवतनं कधी विचारलं नाही, का नको. खरी गंमत अशी की कारीमाननं जन्मात कोळंबी खाल्ली नव्हती. एक तुकडा पोटात गेला की तिच्या अंगावर पित्ताच्या गांधी उठायच्या. पण वास तिला असा कळायचा की काय सांगावं.

टाकीत सगळ्यात जुना होता बाशा. तांबड्या समुद्रातला, निळ्या अंगावर पिवळे पट्टे असलेला, ताटलीएवढा मासा. कारीमाननं आणला तेव्हा तो अंगठ्याएवढा होता आणि काही केल्या खात नव्हता. तिनं त्याच्यासाठी पहिली वडी करवली, बोटांत धरून पाण्यात हात घातला आणि तासभर तशीच उभी राहिली. त्या दिवसापासून सतरा वर्षं बाशानं दुसऱ्या कशाला तोंड लावलं नाही. या दोघांना मूलबाळ नव्हतं. त्या माशाचे जे लाड झाले ते बघून शेजारणी तोंडाला ओढणी लावून हसायच्या.

आता मुअल्लिम, म्हणजे बाजारात ज्याला उस्ताद मानतात, त्या शहाताविषयी. मासळी बाजारात डाव्या हाताची तिसरी फळी त्याची. आवाज मोठा, पोट त्याहून मोठं. त्याच्या फळीवर जे मांडलेलं असायचं ते माणसांचं, आणि फळीखाली एक काळी टोपली असायची ती मांजरांची. मऊ पडलेलं, डोकं काळं झालेलं, पोट फुटलेलं, सगळं त्या टोपलीत. वस्तीतल्या म्हाताऱ्या यायच्या, "मांजरांसाठी दे रे मुअल्लिम," म्हणायच्या, आणि तो पैसे न घेता मूठभर द्यायचा. टोपलीतलं वर यायचं नाही आणि वरचं टोपलीत जायचं नाही, हा त्याचा नियम, आणि त्या नियमाचा त्याला अभिमान होता.

सफवत पहिल्यांदा त्याच्याकडे गेला तेव्हा रांगेत सगळी हातावर पोट असलेली माणसं. कुणी पावशेर बारकी मासळी घेत होतं, कुणी नुसती डोकी. सफवतनं दोन किलो कोळंबी मागितली तशी रांगेतल्या माना वळल्या.

"एवढी?" शहाता म्हणाला. "घरी लग्न आहे की काय?"

अशा रांगेत उभं राहून 'माशाला खायला घालतो' कोण म्हणेल? सफवतची जीभ रेटेना.

"बायकोला आवडते," तो म्हणाला.

झालं. एवढ्या एका वाक्यावर सतरा वर्षांची मैत्री उभी राहिली. शहाताला बायकोचे लाड करणारा हा यंत्रवाला कारागीर फार आवडला. दर गुरुवारी तो चांगला माल बाजूला काढून ठेवायला लागला. "काय म्हणाली मादाम? गेल्या खेपेची कशी होती?" सफवत सांगायचा, तीन बाद केल्या, वास आला म्हणाली. शहाता मांडीवर थाप मारायचा. "या बाईला फसवणं अवघड आहे बाबा." पुढे चहा सुरू झाला, डोमिनो सुरू झाले. ईदला इकडून तिकडे ताटं जायला लागली, पण टाकी दिसेल म्हणून सफवत त्याला घरी बोलवायचा नाही. कारीमान नवऱ्याला म्हणायची, "सांगून टाक त्याला. शोभतं का हे?" सफवत म्हणायचा, "उद्या." त्याचा तो उद्या कधी उजाडला नाही.

मग कारीमान आजारी पडली. वर्षभर अंथरुणावर होती. त्या वर्षात शहातानं काय केलं असेल? दर गुरुवारी पहाटे बोटीवर स्वतः जाऊन कोळंबी निवडली, बोटीवरच्या भावात सफवतला दिली, वर म्हणाला, "मादामला सांग, मुअल्लिमनं पाठवलीय, तोंडाला चव येईल." सफवत मान खाली घालून ती घरी न्यायचा. कारीमान उशीला टेकून बसायची, वास घ्यायची, म्हणायची, "ही घे. ही घे." आणि सगळी कोळंबी यंत्रातून जायची.

ती गेली तेव्हा खांदा द्यायला शहाता पुढे होता. तीन दिवसांचं दुखवट्याचं बसणं संपल्यावर सफवत त्याच्या फळीपाशी जाऊन उभा राहिला.

"मुअल्लिम, घरात आता नाक उरलं नाही. मला वास येत नाही, तुला ठाऊकच आहे. तू स्वतः खाशील तेच मला दे. दुसरं काही नको."

शहातानं ओला हात स्वतःच्या डोळ्यांवर ठेवला. "तुझा शब्द माझ्या डोळ्यांवर. आजपासून माझं नाक ते तुझं नाक."

बायकोच्या आठवणीनं हा आता स्वतः खातो असं त्यानं धरलं, आणि दोन वर्षं शब्द पाळला. ते कबूल केलंच पाहिजे.

कारीमानला जाऊन दोन वर्षं झाली त्या दिवशी शहाताच्या बायकोनं ताट पाठवलं. लाल भातावर रचलेली कोळंबी, वर लिंबू, आणि निरोप: मादामच्या आत्म्यासाठी, तिला फार आवडायची म्हणून. सफवत त्या ताटासमोर बसला. त्याला घास उचलेना. मेलेल्या बाईच्या नावानं आपण काय चालवलंय, असं त्याला झालं. दुसऱ्या दिवशी तो तडक बाजारात गेला.

"मुअल्लिम, एक सांगायचं राहिलंय. कोळंबी मी माशांसाठी नेतो."

शहाताची सुरी थांबली. "कुठल्या माशांसाठी?"

"घरी आहेत. काचेच्या टाकीत."

"म्हणजे तू माशाला मासा घालतोस?"

"हो."

शहाता इतका हसला की शेजारच्या फळीवाले वाकून बघायला लागले. डोळे पुसत म्हणाला, "अरे गाढवा, मग आधी नाही का सांगायचंस? मी इथे तुझ्यासाठी बोटीवाल्यांशी भांडतोय." मग सुरी पुन्हा उचलत म्हणाला, "बरं, आता सोलत बसत जाऊ नकोस. वय झालं तुझं. माझ्याकडे सोलणाऱ्या बायका आहेत. सोलून पिशवी बांधून ठेवत जाईन. तू नुसता ये आणि ने."

सफवतच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. घरी जाताना तो गुणगुणत गेला म्हणे. त्यानं अर्धंच खरं सांगितलं होतं. कारीमाननं एकही कोळंबी खाल्ली नाही, हे त्याच्या तोंडून निघालंच नव्हतं. पण अर्धं सांगितलं तरी माणसाला पूर्ण सांगितल्यासारखं हलकं वाटतं, त्याला काय करणार. आणि शहातासारखा मित्र दुसरा नाही, असंही त्याला वाटलं. तसं वाटण्यात त्याची चूक होती असं मी म्हणणार नाही. मलाही वाटलं असतं.

चार महिने गेले. टाकीची काच दोन दिवसांत तपकिरी व्हायला लागली. पुसावी तर पुन्हा तीच गत. सफवतनं पाणी बदललं, पंप उघडून साफ केला, मीठ मोजलं. मग बाशा खाणं तोंडात घेऊन थुंकायला लागला. त्यानंतर घेईनासाच झाला. कोपऱ्यात दगडाआड एका अंगावर कलून राहायचा आणि त्याचे पिवळे पट्टे पांढुरके पडले होते. सफवत सकाळ-संध्याकाळ वडी बोटांत धरून पाण्यात हात घालून उभा राहायचा. कारीमानची एवढीच एक जिवंत खूण घरात उरली होती आणि ती त्याच्या डोळ्यांदेखत चालली होती. आपलंच कुठेतरी चुकतंय असं धरून तो सगळं पुन्हा पुन्हा तपासायचा. खाण्यावर त्याला संशय आला नाही. खाणं तर मुअल्लिमकडचं होतं.

नेर्मीन नावाची, औषधांचं दुकान असलेली एक बाई त्याच्याकडून वड्या न्यायची. त्या गुरुवारी दुपारी ती आली तेव्हा सफवत नुकतीच आणलेली पिशवी फोडत होता. ती दारातच थबकली आणि तिनं ओढणी नाकाला लावली.

"सफवत काका, कचरा साठलाय का घरात?"

"नाही, पोरी. का गं?"

ती वास घेत घेत ओट्यापर्यंत आली, पिशवीवर वाकली आणि झटकन मागे झाली. "हे तुम्ही माशांना घालता?"

"ताजी आहे ती. आज सकाळची."

"सकाळची?" तिनं सफवतकडे पाहिलं आणि तिचा आवाज एकदम खाली आला. "काका, ही सडलेली आहे. वर कसली तरी भुकटी मारलीय, पांढरी ठेवायला. तीही नाकात जातेय. तुम्हाला खरंच येत नाही का वास?"

सफवतनं पिशवी उचलून नाकाशी धरली. छाती भरेपर्यंत श्वास घेतला. काही नाही. त्यानं फ्रीजर उघडला आणि मागच्या खेपेची एक लादी बाहेर काढली. नेर्मीननं टोक मोडून हातावर ऊन केलं आणि मान हलवली. त्याच्या मागच्या खेपेची. तीही तशीच. चार महिन्यांच्या सगळ्या लाद्या ओट्यावर रचल्या गेल्या. जी माणसं त्याच्या शब्दावर या वड्या घेऊन गेली होती त्यांच्या टाक्या सफवतच्या डोळ्यांसमोर आल्या. माझं नाक ते तुझं नाक म्हणाला होता, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. नेर्मीनला त्याचा अर्थ लागेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं ती पिशवी शहाताच्या फळीवर आदळली. गिऱ्हाइकं बाजूला झाली.

"वास घे."

शहातानं पिशवीकडे पाहिलं. हात लावला नाही. "कशाला? मला ठाऊक आहे काय आहे ते."

सफवतला वाटलं होतं तो नाही म्हणेल. सोलणाऱ्या बायकांवर ढकलेल, शपथ घेईल, आणि मग आपण कदाचित विश्वासही ठेवू. त्या तयारीनं आलेला माणूस एकदम रिकामा झाला.

"टोपलीतली दिलीस मला?"

"तू म्हणालास माशांना. मासे काही माणसांत मोडत नाहीत. मांजरं खातात तर मासे का नाही खाणार?"

"मांजरांना फुकट देतोस. माझ्याकडून पैसे घेतलेस."

"सोलायचे घेतले."

"आणि भुकटी? ती कशाला मारलीस?"

शहाता फळीवरची कोळंबी सारखी करायला लागला.

"मला वास येत नाही हे तुला ठाऊक होतं," सफवत म्हणाला. "साऱ्या अलेक्झांड्रियात एक तू होतास ज्याला मी माझं नाक म्हटलं. दुसऱ्या कुणी फसवलं असतं तर मी म्हटलं असतं, बाजार आहे. तू खांदा दिलास रे तिला. आपण एका ताटात जेवलो. आणि मला दिसू नये म्हणून सोलून दिलीस. माझं वय झालं म्हणालास."

शहाताची मान खाली होती. एवढ्यावर थांबलं असतं तर सफवत जिंकून घरी गेला असता. पण शहातानं मान वर केली.

"मादाम आजारी होती ते वर्ष," तो म्हणाला, "दर गुरुवारी मी देत होतो ती कोळंबी. ती कुणी खाल्ली?"

सफवतनं फळीवरच्या पिशवीकडे नजर वळवली.

"माझी लेक पोटुशी होती त्या वर्षी. तिला कोळंबीचे डोहाळे. मी तिला म्हटलं, पोरी, या आठवड्यात थोडीच आहे, ती आजारी बाईची आहे, तिची दुवा लागेल तुला. माझी बायको त्या पिशवीवर फातिहा वाचून मग द्यायची. अजून सगळ्यांना सांगते, मादाम कारीमान आमची कोळंबी खाऊन गेली. सांग ना. एक तरी गेली का तिच्या तोंडात?"

हो म्हणायला काय जात होतं? एक, दोन, थोडी खाल्ली. कोण विचारायला येणार होतं? सफवतनं तोंड उघडलं आणि त्याच्यानं खोटं बोलवेना. सतरा वर्षं जे सहज बोलला ते नेमकं तेव्हा जिभेवर येईना.

"नाही," तो म्हणाला. "तिला चालायची नाही. अंगावर पित्त उठायचं."

शहाता आता शिवी देईल असं सगळ्यांना वाटलं. त्यानं शांतपणे हात धुतले, फडक्याला पुसले, पिशवी उचलून फळीखालच्या टोपलीत रिकामी केली आणि तिचे पैसे मोजून सफवतच्या हातावर ठेवले. मग तो माशांवर पाणी शिंपडायला लागला.

सफवत बाजाराच्या दुसऱ्या टोकाला, कधी न पाहिलेल्या माणसाकडे गेला. कोळंबी घेतली आणि थेट नेर्मीनच्या औषधांच्या दुकानात नेली. तिनं गल्ल्यामागे उभं राहून एकेक नाकाशी धरली. ताजी होती. त्यानं जुन्या सगळ्या लाद्या फेकल्या, नेणाऱ्या प्रत्येकाच्या घरी जाऊन माफी मागितली, यंत्र उकळत्या पाण्यानं धुतलं, नवा खिमा काढला. बाशानं पहिल्या दिवशी ढुंकून पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी जवळ आला आणि फिरला. चौथ्या दिवशी सकाळी सफवत पाण्यात हात घालून उभा असताना तो दगडाआडून बाहेर आला, वडीला तोंड लावलं, चावला, गिळला आणि पुन्हा आला. सफवतच्या बोटाला त्याचे बारीक दात लागले. सफवत तिथेच उभा राहून रडला.

असं काही झालं की कुणाला तरी सांगावं लागतं. चपला कधी घातल्या आणि दोन गल्ल्या कधी ओलांडल्या, त्याचं त्याला कळलं नाही. डाव्या हाताच्या तिसऱ्या फळीसमोर येऊन तो थांबला तेव्हा त्याच्या तोंडात एकच वाक्य होतं, बाशानं खाल्लं.

शहातानं वर पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. काहीच नव्हतं.

"या साहेब," तो म्हणाला. "काय देऊ तुम्हाला?"

सतरा वर्षांत त्याच्या तोंडून सफवतनं 'तुम्ही' ऐकलं नव्हतं. मागे दोन बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"अर्धा किलो कोळंबी," सफवत म्हणाला.

"तळायला की भाजायला?"

शेजारी तळणाऱ्याचं दुकान आहे म्हणून तो हे प्रत्येक परक्या गिऱ्हाइकाला विचारतो. सफवतनं फळीवरच्या कोळंबीकडे पाहिलं, मागच्या बायकांकडे पाहिलं.

"तळायला," तो म्हणाला.

शहातानं वजन केलं, पिशवीला गाठ मारून पुढे सरकवली आणि त्या बायकांकडे वळला.